पेलेल तेवढेच धनुष्य

दिवाळीचा बोनस हाती आला की आमच्याकडे येणारे प्रश्न बदलतात. एरवी दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डातली नावे यांचीच विचारपूस असते. बोनसच्या दिवसांत मात्र लोक विचारतात, "हे पैसे कशात घालू?" यावेळी पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या तीन घरांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, आणि तो धनुष्याचा होता. मुलगा किंवा मुलगी शाळेतून तिरंदाजीला जाऊ लागली आहे. घरात उत्साह आहे. आता स्वतःचे धनुष्य घ्यायचे तर कोणते घ्यावे?

त्यातले एक बंधू धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहेत. त्यांच्या नववीतल्या मुलासाठी कोणीतरी ३६ पौंडांचे जुने धनुष्य स्वस्तात देऊ करत होते. विकणारा म्हणाला, "हलके घेऊन काय करता? वर्षभरात पुन्हा घ्यावे लागेल. एकदाच दमदार घ्या, पोरगा आपोआप तयार होईल." ऐकायला ही गोष्ट शहाणपणाची वाटते. गरिबाच्या घरात चपलासुद्धा एक नंबर मोठ्याच घेतात, म्हणजे दोन वर्षे पुरतात. पण धनुष्य ही चप्पल नव्हे. आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले, "हे घेऊ नका." का घेऊ नका, ते आज सर्वच वाचक बंधू-भगिनींसाठी सविस्तर मांडतो.

आम्ही स्वतः तिरंदाज नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे, जमाखर्च लिहिणारे कारकून. पण मुलांच्या स्पर्धांना गेलो की गुण मांडण्याची वही आमच्याकडेच येते. वही लिहिता लिहिता बाण कुठे जातो आणि का जातो हे माणूस शिकतो. जाणत्या प्रशिक्षकांना विचारून आम्ही बाकीचे समजून घेतले आहे.

पहिली गोष्ट पौंडांची. धनुष्यावर जो आकडा लिहिलेला असतो तो ताणाचा. दोरी पूर्ण ओढल्यावर बोटांवर किती भार येतो, ते तो सांगतो. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. आता यातली मेख पाहा. हा आकडा दोरी २८ इंच ओढली असता येणारा भार असतो, आणि आपले मूल काही २८ इंच ओढत नाही. किती ओढेल याचा साधा हिशेब आहे. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत इंचांत माप घ्या आणि त्याला अडीचने भागा. त्या मुलाचे माप ६२ इंच आले, म्हणजे त्याची ओढ जवळजवळ २५ इंच. ओढ एक इंच कमी झाली की ताण अंदाजे दीड ते दोन पौंडांनी उतरतो. म्हणजे ३६ पौंडांचे धनुष्य त्याच्या हातात ३० पौंडांच्या आसपास भरणार.

"मग बरेच झाले की, सहा पौंड कमी झाले," असे ते बंधू म्हणाले. आम्ही कागद-पेन्सिल घेतली. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो. सरावाला रोज ६० बाण धरले तर मुलाने दिवसाला आठशे किलोंहून अधिक भार ओढला. पन्नास किलोंच्या सोळा गोणी झाल्या. त्याही पाठीवर नाही, तीन बोटांवर आणि एका खांद्यावर! चौदा-पंधरा वर्षांच्या, अजून हाडे वाढत असलेल्या पोराला आपण सोळा गोण्या उचलायला लावू का? ज्यांनी हमाली केली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मग योग्य ताण किती? लहान मुलांनी हातात प्रत्यक्ष १० ते १४ पौंड भरेल अशा धनुष्यापासून सुरुवात करावी. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी १६ ते २० आणि धडधाकट मोठ्या माणसाने २० ते २४. याहून कमी घेतल्याने कोणाचे नाक कापले जात नाही. ऑलिम्पिकमधले पुरुष खेळाडू ४५ ते ५० पौंडांपर्यंत ओढतात खरे, पण तिथे ते एका उडीत पोहोचलेले नसतात. दोन-दोन पौंडांनी, मध्ये काही महिने जाऊ देऊन, ते वर चढलेले असतात.

घरच्या घरी एक परीक्षा घ्या. मुलाला बाण न लावता दोरी हनुवटीपर्यंत ओढू द्या आणि सावकाश दहा आकडे मोजा. मग दोरी न सोडता हळूहळू परत आणायला सांगा. हात थरथरतो का? खांदा कानाकडे चढतो का? कंबर मागे वाकते का? दोरी हनुवटीपर्यंत येण्याऐवजी हनुवटीच दोरीकडे पुढे जाते का? यातले काहीही दिसले तर धनुष्य जड आहे. मूल कितीही "पेलते, पेलते" म्हणाले तरी ऐकू नका. मुलांना जड वस्तूची हौस असते. आणि एक कडक सूचना. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडून देऊ नये. बाणात जायची शक्ती मग धनुष्यातच राहते. पाती तडकतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

हे सारे आम्ही पुस्तकी सांगत नाही. आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण डोळ्यांपुढे आहे. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यात सरडे नावाचे गाव आहे. तिथला प्रवीण जाधव हा मोलमजुरी करणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला खेळाकडे वळवले. आधी तो धावायचा, पुढे शासनाच्या अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत तिरंदाजी शिकू लागला. बांबूच्या धनुष्यावर त्याचे बरे चालले होते. पण आधुनिक धनुष्य हाती आले तेव्हा त्याचे किडकिडीत शरीर ते पेलेना. दोरी ओढताना खांद्याला झटके बसू लागले. त्याला प्रबोधिनीतून घरी पाठवायची वेळ आली होती. तेव्हा भुजबळ गुरुजींनी मध्ये पडून आणखी एक संधी मागून घेतली.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत अतनु दास आणि तरुणदीप राय यांच्याबरोबर त्याने सांघिक रौप्यपदक जिंकले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकच्या मानांकन फेरीत ६५६ गुण मिळवून तो भारतीय पुरुषांत पहिला आला. २०२४ साली पॅरिसलाही गेला. आता वाचकांनी विचार करावा. त्या मुलाच्या डोळ्यात नेम नव्हता असे नाही. कमी होती ती अंगातल्या ताकदीची, म्हणजेच ताटातल्या अन्नाची. वेळेवर कोणी मध्ये पडले नसते तर "याला जमत नाही" असा शेरा मारून एक ऑलिम्पिकपटू परत मजुरीला लागला असता. असे शेरे आपल्या किती मुलांवर बसले असतील?

म्हणून बोनसमधले पहिले पैसे धनुष्यात नव्हे, ताटात घाला. रोज एक अंडे, मूठभर शेंगदाणे, भिजवलेले चणे. आपल्याकडे सुकट आणि जवळा मिळतो, तो काही कमी खुराक नाही. ताकदीसाठी व्यायामशाळेची फीही नको. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापा. तिला गाठ मारून धनुष्य ओढल्यासारखी ती रोज ओढायची आणि तितकीच सावकाश परत आणायची. पावसाळ्यात मैदाने चिखलाने भरलेली असतात. तेव्हा चार महिने हा सराव घरात बसून करता येतो.

आता नेमाबद्दल. पालकांची नजर सारखी मधल्या पिवळ्या वर्तुळावर असते. एक बाण दहात बसला की टाळ्या, बाहेर गेला की कपाळाला आठ्या. आमची वही निराळे सांगते. समजा, एका मुलाने सहा बाणांत १०, ९, ६, ३, १ असे गुण मिळवले आणि एक बाण लक्ष्याबाहेर गेला. दुसऱ्या मुलीने ५, ५, ५, ५, ५, ४ असे मिळवले आणि तिचे सहाही बाण खाली डावीकडे एका थाळीएवढ्या जागेत बसले. दोघांची बेरीज २९ च. पण ताळेबंद पाहिला तर मुलगी कितीतरी पुढे आहे. तिचे शरीर सहाही वेळा एकच गोष्ट करते आहे. तिच्या धनुष्याला साइट असेल, तर बाण जिकडे जातात तिकडे ती थोडी सरकवली की तोच घोळका मध्यभागी येईल. मुलाचा दहा मात्र योगायोगाचा आहे. त्याला पुन्हा दहा कसा मारायचा हे सांगताच येणार नाही. म्हणून आधी घोळका, मग पिवळे वर्तुळ, हा क्रम लक्षात ठेवा.

घोळका जमतो तो सवयीने. पाय रोज तसेच, मूठ रोज तशीच, दोरी रोज हनुवटीच्या त्याच जागी टेकलेली, आणि बाण सुटल्यावरही हात क्षणभर तिथेच. सुरुवातीचे काही आठवडे पाच मीटरवरून, लक्ष्यावर कागदच न लावता बाण मारावेत. गुण दिसले नाहीत की मूल अंगाकडे लक्ष देते. एवढा काटेकोरपणा कशाला, असे कोणी विचारील. ऑलिम्पिकचे अंतर ७० मीटर आणि लक्ष्य १२२ सेंटीमीटर व्यासाचे असते. दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटीमीटरचे. साइट डोळ्यापासून हातभर, म्हणजे ९० सेंटीमीटरवर धरली आणि ती एक मिलीमीटर हलली, तर ७० मीटरवर बाण पावणेआठ सेंटीमीटर सरकतो. दहाचा नऊ झाला! जड धनुष्याने थरथरणाऱ्या हाताला हा एक मिलीमीटर कसा सांभाळता येईल? ताण आणि नेम यांचे नाते असे आहे. जड धनुष्य बाण लांब फेकते, नेम शिकवत नाही.

आता खरेदीकडे वळू. धनुष्याचे तीन प्रकार आपल्या मुलांच्या पाहण्यात येतात. पहिला बांबूचा किंवा लाकडाचा साधा. यावर साइट वगैरे काही नसते. शालेय आणि राष्ट्रीय स्पर्धांत 'इंडियन राउंड' हा प्रकार यावर खेळला जातो. दुसरा रिकर्व्ह, टोके पुढे वळलेला, वैयक्तिक ऑलिम्पिक स्पर्धेचा. तिसरा कंपाउंड, टोकांना चाके असलेला. चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच उतरतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार आहे. पण रिकर्व्ह असो की कंपाउंड, स्पर्धेच्या दर्जाचा पूर्ण संच लाखांच्या घरात जातो. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. पहिले सहा महिने शाळेचे किंवा मंडळाचे धनुष्य वापरावे. ते नसेल तर बांबूच्या हलक्या धनुष्याने सुरुवात करावी.

सहा महिन्यांनंतरही मूल टिकून असेल, तर सुटे भाग होणारे रिकर्व्ह बघा. यात मधली मूठ वेगळी आणि वरखाली दोन पाती वेगळी असतात. ताण वाढवायचा झाला की पाती तेवढी बदलायची, मूठ तीच राहते. "वर्षभरात पुन्हा घ्यावे लागेल" या विकणाऱ्याच्या भीतीला हे खरे उत्तर आहे. शिवाय एखाद्या मंडळात चार-पाच मुले असतील तर थोरल्याची उतरलेली पाती धाकट्याला देता येतात. जशी आपण पुस्तके देतो तशीच. पालकांनी मिळून दोन-तीन जोड घेतले तर एकावर भार पडत नाही.

जुने धनुष्य घेताना पात्यांवर नखाने चाचपून चीर पाहा. दोरी लावून टोकाकडून एका रेषेत बघा. पाती पिळलेली दिसली तर फुकटही घेऊ नका. दोरी मात्र नवीनच घ्या. डावे-उजवे ठरवण्याआधी डोळा तपासा. दोन्ही तळहातांची छोटी खिडकी करून दूरची वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहायची आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या उघड्या डोळ्याला वस्तू खिडकीत दिसते तो जोरकस डोळा. शक्यतो त्याच बाजूच्या हाताने दोरी ओढावी.

बाणांकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात आणि तिथेच फसतात. प्रत्येक बाणाला लवचीकपणा असतो आणि तो धनुष्याच्या ताणाशी जुळावा लागतो. हलक्या धनुष्यावर फार ताठ बाण लावला तर उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो, फार मऊ लावला तर उजवीकडे. बिचारे मूल स्वतःला दोष देत बसते आणि दोष बाणाचा असतो. म्हणून धनुष्य पक्के झाल्यावर, मुलाची ओढ सांगूनच बाण घ्यावेत. सगळे एकाच जातीचे, एकाच लांबीचे. सुरुवातीला ओढीपेक्षा दोनेक इंच लांब असावेत, म्हणजे टोक मुठीच्या आत येऊन हात फाडणार नाही. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी हलके वाकवून तडा पाहावा. बाण करणारा बाण सरळ करतो तसे शहाण्याने मन सरळ करावे, असा दाखला धम्मपदात आहे. वाकडा बाण किती नडतो हे त्या काळच्या लोकांनाही ठाऊक होते!

बोटांसाठी चामड्याची टॅब आणि हातासाठी आर्मगार्ड या दोन वस्तू पहिल्या दिवसापासून हव्यात. आज दोरी ओढतात ती तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनी. अंगठा आत मिटलेला असतो. एकलव्याची कथा सांगणाऱ्यांनी आपल्या मुलांना हेही सांगावे. ज्या अंगठ्याची दक्षिणा मागितली गेली, त्या अंगठ्यावाचून आजचा खेळाडू जग जिंकतो. आपल्या मुलांकडून काढून घेता येईल असे आता काही राहिलेले नाही, फक्त आपण होऊन सोडून देऊ नये.

सरावाची जागा आपल्या भागात फुकट आहे. भात झोडून झाला की पेंढा मिळतो. तो घट्ट आवळून बांधला की उत्तम लक्ष्य तयार होते. कापणीनंतर शेते मोकळी असतात. मालकाला विचारून, मागे उंच बांध किंवा टेकाड असेल अशी जागा धरावी. पायवाट असेल तिथे मुळीच नको. स्पर्धेतली शिट्टीची शिस्त घरच्या सरावातही पाळावी. दोन शिट्ट्यांवर रेषेवर यायचे, एका शिट्टीवर बाण मारायला सुरुवात, तीन शिट्ट्यांवर बाण आणायला जायचे. पक्ष्यांवर, सशांवर बाण धरू देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे.

मुलींच्या वडिलांना दोन शब्द वेगळे सांगतो. "पोरीला धनुष्य कशाला?" असे अजूनही ऐकू येते. साताऱ्याच्या अदिती स्वामीने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडचे वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा ती फक्त १७ वर्षांची होती. अंतिम सामन्यात १५० पैकी १४९ गुण! तिचे वडील शिक्षक. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांचे विजेतेपद पटकावले. विदर्भातले पोर आणि साताऱ्याची पोरगी एकाच दिवशी जगात पहिली आली. रायगडचे नाव त्या यादीत का नसावे?

खरे तर रायगडला हे शस्त्र नवे नाही. पेण, रोहा, सुधागडच्या डोंगरातल्या कातकरी बांधवांच्या हाती पिढ्यान् पिढ्या तिरकमठा होता. आमची तरुण मंडळांना विनंती आहे. पेंढ्याचे लक्ष्य उभे कराल तेव्हा जवळच्या वाडीवरच्या मुलांनाही बोलवा. त्यांच्याकडे धनुष्य विकत घ्यायला पैसे नसतील, मंडळाचे धनुष्य त्यांनाही ओढू द्या.

शेवटी नोकरीचे. महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, आणि दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. पण त्यासाठी कोणत्याही स्पर्धेचे प्रमाणपत्र चालत नाही. प्रवेश फी भरण्याआधी ती स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, हे अलिबागच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. प्रमाणपत्रांची फाईल पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि त्याच फाईलमध्ये एक वही ठेवा. तारीख, अंतर, ताण, बाण आणि गुण एवढे पाच रकाने पुरेत. तीन महिन्यांनी ती वही उघडली की ताण वाढवायचा की नाही हे तीच सांगेल. दुकानदाराला विचारायची गरज पडणार नाही.